मारबतीत नेलेला निवडुंग

अन्याय कुसुमआत्यावर झाला. मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, मारबतीच्या सकाळी, गल्लीतल्या चुली पेटायच्या आधी. शेजारच्या गजाननानं आणि त्याच्या दोस्तांनी तिच्या ओसरीतला निवडुंग मुळासकट उपटला, बैलाच्या झुलीत गुंडाळला आणि ‘ईडा पीडा घेऊन जाय वं मारबत’ अशा आरोळ्या देत शिवेबाहेर, नाल्यापल्याड नेऊन फेकला. ती झूलसुद्धा आत्यानंच शिवलेली होती. त्याच पोळ्यासाठी.

मी पत्रकं लिहिते. दिग्रसला आम्हा बायकांची एक लहानशी संघटना आहे, तिची. पत्रकाचा नियम असा की कुणावर, केव्हा आणि कुणी, हे पहिल्या ओळींतच सांगायचं. वाचणारा एसटीची वाट बघत उभा असतो, त्याची गाडी केव्हाही लागते. तर ते सांगून झालं. ज्यांची गाडी लागली त्यांनी जावं. उरलेलं पत्रकात बसत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

येत्या अमावास्येला पुन्हा पोळा आहे. हवेत तीच ओल आहे. काडेपेटीच्या काड्या मऊ पडल्यात, कपडे वाळता वाळत नाहीत, चपलेला काळी माती इतकी चिकटते की दारात येईपर्यंत माणूस दोन बोटं उंच होतो. वावरात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या लागल्यात. बाजारात कटोल्यांचे ढीग आहेत आणि गल्लीच्या कडेला तरोटा कंबरेएवढा माजलाय. दरवर्षी या दिवसांत आत्याच्या घरून मशीनचा आवाज यायचा. रिमझिम पावसासारखा, मध्येच थांबणारा, पुन्हा धावणारा. मखमलीचे तागे, आरशांच्या टिकल्या, पिवळी झालर, मशीनच्या तेलाचा वास. आमच्या गावातले अर्धेअधिक बैल पोळ्याला आत्याच्या हातची झूल पांघरून तोरणाखाली उभे राहायचे. बैलाचं माप ती टेप घेऊन काढत नसे. गोठ्यात जाऊन त्याच्या पाठीवर नुसता हात फिरवायची. बैल मान वळवून तिच्याकडे बघायचा, आणि झूल बरोबर बसायची.

यंदा तिच्या मशीनवर हिरव्या मखमलीची घडी पडून आहे. कात्री लागलेली नाही. ती लागेल की नाही हे मला माहीत नाही, आत्यालाही माहीत नाही. ते कशावर अवलंबून आहे हेच सांगायचं आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तिशीत पुसदकडचं सासर सोडून ती माहेरच्या या दोन खोल्यांत येऊन राहिली. गाव तिला ‘टाकलेली’ म्हणतं. तिला तो शब्द मान्य नाही. ती म्हणते, “मले कोणी टाकलं नाई. मी उठून आली.” हा फरक तिनं मला मी शाळेत होते तेव्हाच सांगून ठेवला होता, दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता.

निवडुंग त्यानंतर थोड्याच दिवसांत आला. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईची उमरखेडला बदली झाली, सामान बांधताना तिनं कान तुटलेल्या चहाच्या कपातला हा बोटाएवढा कोंब आत्याच्या हातात दिला. “मरत नाई हा,” एवढंच सांगून ती गेली. कपातून तो डब्यात गेला, डब्यातून घागरीत, आणि शेवटी आत्यानं लोखंडी पिंप अर्धं कापून आणलं. तळाला भोकं पाडली, त्यावर विटांचे तुकडे, मग नाल्यातली जाड वाळू आणि मुरलेलं खत. त्या पिंपात तो सरळ खांबासारखा चढत गेला. फांदी नाही, पान नाही. अंगावर उभ्या धारा आणि धारेधारेवर काट्यांचे झुबके. मी कॉलेजला गेले तेव्हा तो माझ्या खांद्याला लागत होता. परत आले तेव्हा मला मान वर करावी लागली.

फूल कधी आलं नाही. अशा निवडुंगाला मोठं पांढरं फूल येतं म्हणतात. आमच्याला आलं नाही. लोकांना याचाच फार त्रास. गजानन एकदा ओसरीत बसून चहा पिता पिता म्हणाला होता, “आत्या, फूल नाई, फळ नाई, सावली नाई. पोसतं कायले याले?”

आत्या म्हणाली, “तुह्या आज्याले फूल येते काय?”

गजाननाचा आजा तेव्हा पलीकडच्या अंगणात खाटेवर पडून होता. त्यानंच पहिल्यांदा खो खो हसायला सुरुवात केली, मग गजाननही हसला. हे दिवस मला मुद्दाम लिहायचे आहेत. ही माणसं एकमेकांच्या ओसरीत चहा पीत होती. गजाननाची आई विमलकाकू तर या निवडुंगावर जीव टाकायची. भांडी घासून झाली की लोट्यातलं उरलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतायची. “तहानला असन बिचारा.” आत्या आतून ओरडायची, “विमलबाई, मारून टाकता काय त्याले मायेनं!” उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी एक लोटा, आणि पावसाळ्यात थेंब नाही, हा आत्याचा हिशोब. पाऊस लागला की पिंप ओसरीच्या आत ओढायचं. थंडीत पुन्हा बाहेर. त्याची निगा म्हणजे बहुतेक वेळ हात आवरून बसणं. मला ते कधी जमलं नसतं.

तो वाकला कसा, तेही सांगते, कारण पुढे आरोप त्यावरच झाला.

ओसरीसमोर एका व्यापाऱ्यानं गोदाम बांधलं. दोन माळ्यांएवढं उंच, पत्र्याचं. आत्याच्या दारातलं सकाळचं ऊन गेलं. त्याच सुमारास विमलकाकूंच्या घरी अंगणात फरशी घालायची म्हणून कडुनिंब तोडला, आणि त्या बाजूनं उजेडाची एक फट उघडली. निवडुंग उजेडाकडे वळला. झाड दुसरं काय करणार? सुरुवातीला आत्या आठवड्याच्या आठवड्याला पिंप थोडं फिरवायची, म्हणजे एकदा या अंगाला ऊन, एकदा त्या अंगाला, आणि खांब सरळ. पण पिंप जड होत गेलं आणि आत्याचे गुडघे गेले. पिंप फिरवायला दोन माणसं लागतात. एकानं पिंप ढकलायचं, दुसऱ्यानं खांब धरायचा. आत्याच्या घरात माणूस एकच. मी दिग्रसहून महिन्या-दोन महिन्यांनी यायचे तेव्हा आम्ही दोघी फिरवायचो. तेवढ्यानं काय होतं. तो झुकला. मग आत्यानं कापड मोजायचा आपला लाकडी गज पिंपात रोवला आणि खांब त्याला चिंध्यांनी बांधला.

झुकला तो बरोबर विमलकाकूंच्या दाराकडे.

आणि म्हातारा झाला. बुडाचा हिरवा रंग जाऊन तिथं तपकिरी, खरबरीत साल आली, जुन्या बाभळीसारखी. काकू वाकून बघायच्या. “बुड सडलं वं कुसुम.”

“सडलं नाई वो, म्हातारं झालं. तुमच्या टाचा पाहा.”

काकूंनी खरंच पाय उचलून टाच बघितली होती.

मागच्या पावसाळ्यात गल्लीत ताप शिरला. सांधे धरणारा ताप. धडधाकट पोट्टे भिंतीला धरून चालायला लागले. ताप कशानं आला हे शोधायला फार दूर जायची गरज नव्हती. गोदामाच्या मागे जुन्या टायरांचा ढिगारा होता, त्यात पाणी, पाण्यात अळ्या. मी पत्रकात टायर लिहिले, नाली लिहिली, ग्रामपंचायतीचं नाव लिहिलं. लोकांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि ‘बरोबर हाये’ म्हणून खिशात ठेवलं. टायर जिथे होते तिथेच राहिले, कारण गोदामवाल्याला कोण बोलणार?

गोदामवाल्याला बोलता येत नाही. एकट्या बाईच्या दारातल्या झाडाला बोलता येतं.

कुणी काय पहिल्यांदा म्हटलं, ते सापडणार नाही. घरात काटे असू नयेत, हे सगळ्यांच्या आज्यांनी सांगितलेलंच होतं. बुड सडलंय हे दिसतच होतं. वाकून विमलकाकूंच्या घराकडे बघतंय, तेही दिसत होतं. आणि त्याच घरात काकूंची सून, आठवा महिना लागलेली, तापानं फणफणत पडली होती. रोज संध्याकाळी तिला पातळ पेज करून नेणारी बाई कुसुमआत्या होती, हेसुद्धा दिसत होतं. पण ते कुणी जोडून बघितलं नाही.

मग पोळा आला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि लोणी लावून मानेवरचे घट्टे चोळतात, आणि बैलाला सांगतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मला वर्षभरातलं हे एक वाक्य फार आवडतं. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं त्याला माणूस एकदा तरी रीतसर जेवायला बोलावतो. गजाननानंही आपल्या बैलांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी ते हिरव्या मखमलीच्या नव्या झुली पांघरून, शिंगांना बेगड लावून तोरणाखाली उभे होते. आत्या आपली शिलाई बघायला गर्दीत उभी होती.

पोळा फुटायच्या, म्हणजे बैल तोरणाखालून सुटायच्या आधी झडत्या म्हणतात. तिथंच रचलेली, टोमणे मारणारी गाणी. सरपंचावर म्हणतात, पावसावर म्हणतात, शेजाऱ्यावर म्हणतात, आणि ज्याच्यावर म्हणतात त्यानंही हसायचं असतं. गजाननाचा आवाज चांगला. तो पुढे आला आणि म्हणाला,

“वाकडा खांब, वाकडी त्याची नजर,
ताप झाला घरोघर,
आज पोळा, उद्या मारबत,
वाकड्याले नेऊ शिवेवरत!”

‘हर बोला’चा गजर झाला. सगळे हसले. आत्याही हसली. तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती याच जागी पुन्हा पुन्हा थांबत होती. “मीबी हसली वं. झडतीवर हसाच लागते.”

झडती म्हणजे थट्टा. दुसऱ्या दिवशी तिचा हुकूम होत नाही, कधीच झाला नव्हता. सरपंचावर इतक्या झडत्या झाल्या, त्याला कुणी नाल्यापल्याड नेलं नाही. पण सकाळ मारबतीची होती. ज्यांच्याकडे मारबत नाही त्यांना सांगते. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या घरभर फिरवायच्या, आणि खोकला, पडसं, ढेकूण, मच्छर, सगळी रोगराई घेऊन जा, असं ओरडत गावाबाहेर फेकून यायच्या. मागे वळून बघायचं नाही. मला लहानपणी हे फार आवडायचं. घर हलकं व्हायचं. ओरडायला मिळायचं. आजही मी त्या आरोळीच्या विरोधात नाही. माणसानं वर्षातून एकदा आपल्या दुखण्यांना शिव्या देऊन घालवून द्यावं, यात काय वाईट आहे?

वाईट एवढंच की पळसाची फांदी फेकून त्यांचं समाधान झालं नाही.

मला सकाळी आत्याचा फोन आला. आवाज कोरडा. “येतं काय वं? येताना हातमोजे आनजो.” बाकी काही नाही. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. ओसरीत पिंप आडवं पडलं होतं, वाळू सगळीकडे सांडलेली, आणि त्या वाळूत बाप्यांची आणि बायांचीही पावलं. गज मोडलेला नव्हता. कुणीतरी तो उचलून नीट भिंतीला टेकवून ठेवला होता. या एका गोष्टीचा मला आजही राग येतो. गज मोडू नये एवढं ज्याला कळत होतं, त्याला बाकीचंही कळत होतं.

आम्ही दोघी नाल्यावर गेलो. पळसाच्या फांद्यांचा ढीग, फुटके झाडू, चिंध्या, आणि त्यात हिरवी मखमल. झुलीचे आरसे उन्हात चमकत होते. गजाननानं झूल परत नेली नव्हती. ईडा लागलेली वस्तू बैलाच्या पाठीवर कशी घालणार? निवडुंग तिच्यात अर्धवट गुंडाळलेला पडला होता. एका धारेवरची साल सोलून पांढरं दिसत होतं आणि मुळं हवेत. आत्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. तिनं हातमोजे घातले नाहीत. बुडाशी, त्या तपकिरी सालीवर, हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

“जित्ता हाये,” ती म्हणाली. “चाल. झुलीचे दोन टोकं तू धर.”

दुपारच्या उन्हात आम्ही त्याला गल्लीतून परत आणलं, दवाखान्यात माणूस नेतात तसं. दारादारांत बाया उभ्या राहिल्या.

“आनून राह्यली वं! परत आनून राह्यली!”

“मारबतीचं कोणी परत आनते काय, माय?”

विमलकाकू धावत रस्त्यात आल्या. हातात सूप होतं, ते तसंच. “कुसुम, पाया पडते तुह्या. गावात आनू नोको. सून आठव्या महिन्याची हाये. तुले काय जाते?”

आत्या थांबली. आम्ही झूल खाली ठेवली, कारण माझे हात भरून आले होते.

“विमलबाई, काल सांजच्याले तिले पेज कोनं आनली?”

काकूंनी सूप छातीशी धरलं.

“तवा नाई लागली ईडा?” आत्याचा आवाज चढला नव्हता. “मले एक सांगा. तुमी खांब टाकला, का मले टाकलं?”

काकूंनी सुपातल्या तांदळाकडे बघितलं. मागच्या कुठल्यातरी दारातून एक आवाज आला, “दोनी.” आणि कुणीतरी हसलं.

तो आवाज कुणाचा होता, मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न मी केला. मग सोडून दिला, कारण प्रत्येक दार मला तेच वाटायला लागलं.

आत्यानं झुलीची टोकं उचलली. “धर,” मला म्हणाली. आम्ही घरी आलो.

त्या संध्याकाळी मी पेटून पत्रक लिहिलं. सगळी नावं घातली. ‘विज्ञानयुगात’, ‘काळिमा’, ‘जाहीर निषेध’, हे माझे नेहमीचे शब्द. दिग्रसच्या प्रेसवाल्याकडे लग्नपत्रिकांचा जाड कागद उरला होता, त्यावर छापून आणलं. आत्यानं एक पत्रक हातात घेतलं, वाचलं नाही, दोन बोटांत धरून त्याची जाडी बघितली. “कामाचं हाये,” म्हणाली. मग पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्याची तिनं लांब, जाड पट्टी केली. ती निवडुंगाच्या कमरेला वेढायची, दोन्ही टोकं हातात धरायची, म्हणजे काटे न लागता त्याला उचलता येतं. माझ्या जाहीर निषेधाचा उपयोग झाला तो असा.

पण लगेच लावायचं नव्हतं. तुटलेली मुळं तिनं शिवणकामाच्या कात्रीनं छाटली आणि निवडुंगाला आतल्या खोलीत पोत्यावर आडवा ठेवला. जखम वाळली पाहिजे. ओली जखम मातीत गेली तर आतून कुजते. ते दिवस मला आठवतात ते वासासकट. बाहेर भादव्याचं दमट ऊन, आत कच्च्या काकडीसारखा त्या सोललेल्या सालीचा वास. दारावर माप द्यायला कुणी येत नव्हतं. आत्या खिडकीशी बसून झुलीतले काटे काढायची, सुईनं, एक एक. मखमल चाळणीसारखी झाली होती. सगळे काटे निघाल्यावर तिनं ती नीट घडी केली, आणि मला वाटलं, आता ही पेटीत जाणार. तिनं कात्री घेतली आणि झुलीच्या उभ्या पट्ट्या फाडल्या. सुती चिंध्या सालीत रुततात, मखमल रुतत नाही, म्हणून. जखम टणक झाली तेव्हा आम्ही पिंप भरलं, पत्रकांच्या पट्टीनं त्याला उभा केला, गज रोवला आणि हिरव्या मखमलीनं बांधला. पाणी दिलं नाही. हिवाळाभर दिलं नाही. आत्या रोज त्याला दोन बोटांनी हलकेच हलवून बघायची. हलला की आत यायची. एक दिवस हलला नाही. त्या दिवशी तिनं मला फोन केला आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी करून, ठेवता ठेवता म्हणाली, “धरलं वं त्यानं.”

विमलकाकूंची सून दारव्ह्याच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. गोदामामागचे टायर, औषध फवारणाऱ्यांची गाडी आली तेव्हा, कुठे गेले कुणास ठाऊक, पण गेले. ताप ओसरला. गल्लीचं म्हणणं काय? ‘एक सकाळ का होईना शिवेबाहेर नेलता, म्हणून सून वाचली.’ मी यावर वाद घालायचा सोडला आहे. सोडला म्हणजे तोंडानं. मनात चालूच असतो.

आत्यानं त्या पोळ्यापासून झूल शिवणं बंद केलं. जाहीर काही केलं नाही. ब्लाऊज शिवायची, शाळेचे फ्रॉक शिवायची. कुणी झुलीचं नाव काढलं की म्हणायची, “डोये गेले आता.” डोळे गेलेले नाहीत. मी तिला सुईत दोरा ओवताना बघते.

यंदा पेरण्या आटोपल्यावर गजानन आला. हातात नव्या हिरव्या मखमलीची घडी. दारातच उभा राहिला, आत आला नाही. मी त्या दिवशी तिथेच होते, आणि माझ्या ओठांवर बरंच काही होतं. आत्यानं नुसता हात वर केला.

“आत्या, झालं गेलं. यंदा झूल शिवून देजो.”

“झालं गेलं काय झालं रे?”

“तेच. आता तू बी नोको ताणू. आमाले बी वाईट वाटते.”

“वाईट वाटते तं बस तिथं.”

तो ओसरीच्या पायरीवर बसला. आत्यानं कापड हातात घेऊन त्याचा पोत बघितला. मग म्हणाली, “माफी मले नोको. माफीचं मी काय करू? दर बाजाराच्या दिवशी येजो, अन् पिंप फिरवजो. मी खांब धरीन. पाऊस पडे, ऊन पडे, येजो. अमुशापर्यंत तो सरळ झाला नाई तरी चालीन. तू येत राह्यला तं मी झूल शिवीन.”

“एवढंच?” गजानन हसला. त्याला ते स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं असावं.

मला मात्र तेव्हा आत्याचा रागच आला. चारचौघांत माफी मागायला लावायची होती. तोरणाखाली. जिथं झडती म्हटली तिथं. आजही मला ते हवं आहे, मी नाकारत नाही. पण त्या दिवशी मी बघितलं: गजानन पिंपाशी वाकला, आत्यानं खांब बुडाशी धरला, आणि दोघांची डोकी जवळ आली. “आस्ते,” ती म्हणाली. “आस्ते रे बाप्पा, तो म्हातारा हाये.” गजानन पुटपुटला, “इथं तं काटेच नाईत.” त्यानं तपकिरी सालीला बोट लावून बघितलं. तिथले काटे केव्हाच गळून गेले होते. ज्या भागाला ते सगळे वर्षभर सडका म्हणत होते, अख्ख्या झाडावर हात ठेवता येईल अशी तेवढीच जागा आहे. हे कळायला त्याला जवळ यावं लागलं. उपटताना त्यानं झूल गुंडाळली होती ना.

म्हाताऱ्या खांबाला ओढून सरळ करता येत नाही. मोडतो. त्याचं अंग फिरवून द्यायचं, आणि उजेडावर सोपवायचं. ते काम हळू आहे आणि ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. आत्यानं गजाननाकडून मागितलं ते हेच, पुन्हा पुन्हा येणं.

तो पुढच्या बाजाराला आला. त्याच्या पुढच्यालाही आला. विमलकाकू आपल्या दारातून बघत होत्या. एकदा त्यांनी नातवाला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि पुन्हा आत घेतला. मग वावरात डवरणी आली, फवारणी आली. गजानन म्हणाला, पुढच्या खेपेला. मग नुसता हात हलवून गाडीवर निघून गेला. आता येत नाही. भांडण काहीच झालेलं नाही. काम असतं, दुसरं काय. पश्चात्ताप फवारणीच्या दिवसांत टिकत नाही, हे मी या एका पावसाळ्यात शिकले.

निवडुंग पुन्हा त्यांच्या दाराकडे वळायला लागला आहे. शेंड्याचा नवा हिरवा भाग, कणकेच्या दिव्यासारखा फिकट, थेट तिकडे. हिरव्या पट्ट्या ताणल्या गेल्यात. मशीनवर मखमलीची घडी आहे. अमावास्या जवळ येते आहे, आणि अमावास्येच्या मागोमाग मारबतीची सकाळ. काल आत्या मला म्हणाली, “यंदा तू राह्यतं काय वं त्या दिवशी इथं?” ती असं कधी विचारत नाही. घाबरली असेल, असं मी म्हणणार नाही. पण तिनं विचारलं.

मी राहणार आहे. पण मी एक आहे.

गजानन, हे मी तुझ्या दारावर चिकटवणार आहे, तेव्हा तू वाचशीलच. तुला जे सांगायचं ते आत्यानं सांगून झालं आहे. बाकीच्यांनो, तुम्हाला सांगते. तुमच्या गल्लीत असं एक दार आहे. तुम्हाला माहीत आहे कोणतं. तिथं एक एकटी बाई आहे, किंवा म्हातारा, किंवा ज्याच्याकडे बघून तुम्ही पोरांना आत ओढता असा कुणीतरी, आणि त्यांच्या घरात दोन माणसांचं एक काम पडून आहे. मारबतीची वाट बघू नका. येत्या बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन परत येताना पिशवी त्या पायरीवर ठेवा आणि आत जा. काय धरायचं ते विचारा. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा जा. फवारणी असेल, तरी जा. आमच्या गल्लीतले असाल तर कुसुमआत्याच्या ओसरीत या. पिंप जड आहे. खांबाला वर हात लावू नका, टोचेल. खाली, तपकिरी आहे तिथं धरा, आणि फिरवा.